दोन डिशवॉशर आणि कृष्णाकाठचं पाणी

डिशवॉशर घ्यायचं म्हटलं की सांगलीत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आपली तेला-मसाल्याची भांडी त्यात निघतात का? आणि पूर्वीच्या मशीनसारखं हल्लीचं मशीन टिकतं का? हे प्रश्न माझ्याकडे येतात, कारण आमच्या कुटुंबात दोन्ही पिढ्यांची मशीनं नांदली. गावभागातल्या घरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून आणलेलं, खटका फिरवून चालणारं जुनं मशीन होतं. मुलाच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटवर २०२०च्या टाळेबंदीनंतर घेतलेलं नवं मशीन आहे. मधली काही वर्षं दोन्ही एकाच वेळी चालू होती. स्वयंपाकाची पद्धतही दोन्हीकडे एकच, त्यामुळे तीच आमटी, तोच रस्सा, तीच दुधाची पातेली दोन्ही मशीनांच्या वाट्याला आली. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून फरक दिसला की त्याचं कारण शोधल्याशिवाय मला चैन पडत नसे.

माझं मत आधीच सांगते. धुण्यात नवं मशीन उजवं आहे, यात मला शंका नाही. टिकण्यात जुनं उजवं होतं. पण टिकण्यातला बराचसा फरक आपण पाणी, वीज आणि देखभाल सांभाळून भरून काढू शकतो. उरलेला फरक कंपन्यांनी भरून काढायला हवा, आणि तो आपण मागून घ्यायला हवा.

१. ताट निपटून ठेवा, विसळून ठेवू नका

जुन्या मशीनमध्ये भांडी ठेवण्याआधी ती नळाखाली विसळावीच लागत. त्या काळच्या पावडरीचा भर तीव्र अल्कलीवर असे. तेलाचा ओशटपणा त्यात छान निघायचा, पण वाळलेलं पीठ तसंच राहायचं. नव्या पावडरीत आणि टॅब्लेटमध्ये एन्झाइम असतात. एक पिष्टाला तोडतं, दुसरं प्रथिनांना. पिठलं, भात, वरण, अंडं यांचे चिकटलेले थर ते कोमट पाण्यात हळूहळू सोडवतात.

मी पिठल्याची स्टीलची कढई मुद्दाम दुपारपर्यंत वाळू दिली आणि जुन्या मशीनमध्ये लावली. बाहेर आली तेव्हा कडेला बोटभर रुंदीचा पिवळा खरपा तसाच होता, नखाने खरवडावा लागला. तशीच वाळवलेली कढई नव्या मशीनमधून आली ती बोट फिरवलं तर करकर वाजेल इतकी स्वच्छ. करपलेल्या दुधाचं बूड मात्र दोन्हीकडे हरलं. करपलेला थर म्हणजे जवळजवळ कोळसाच, त्यावर एन्झाइमची मात्रा चालत नाही. तो आधी भिजत घालूनच काढायचा.

नव्या मशीनमध्ये आणखी एक सोय असते. पाण्यातून प्रकाशाचा किरण सोडून ते पाणी किती गढूळ झालंय हे पाहतं आणि किती वेळ धुवायचं ते ठरवतं. सगळी भांडी आपण विसळून ठेवली, तर पाणी स्वच्छ दिसतं, मशीन काम आवरतं घेतं, आणि एखाद्या पातेल्याला चिकटलेला भात तसाच राहतो. म्हणून खरकटं तेवढं निपटून काढा. कढीपत्ता, मिरचीचे देठ आणि विशेष करून मोहरी काढून टाका. पाणी उडवणाऱ्या पंख्याच्या भोकात मोहरी नेमकी अडकते.

२. तीन तास लागतात, त्यामागे हिशेब आहे

जुनं मशीन दीड तासात मोकळं व्हायचं. नव्याचा इको प्रोग्राम तीन तासांच्या पुढे जातो. बघणाऱ्याला वाटतं, नवं असून एवढं संथ? हेन्केल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली धुण्याचं एक सोपं सूत्र मांडलं. कोणतीही धुलाई चार गोष्टींवर चालते : रसायन, उष्णता, जोर आणि वेळ. यातली एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते.

जुनं मशीन पाणी ६५ अंशांपर्यंत तापवायचं आणि वेळ वाचवायचं. नवं मशीन इकोवर साधारण ५० अंशांच्या आसपास राहतं आणि वेळ जास्त घेतं. डिशवॉशरची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, त्यामुळे कमी तापवलं की बिल कमी येतं. शिवाय एन्झाइमला तेच तापमान मानवतं आणि काम करायला तेवढा वेळही मिळतो.

रात्री जेवणं झाल्यावर लावलं तर तीन तासांचं काहीच वाटत नाही. आवाजही जुन्याच्या मानाने फारच कमी, शेजारच्या खोलीत झोप लागते. मटणाचा रस्सा असेल किंवा सणाची तळणी झाली असेल, त्या दिवशी ७० अंशांचा जोरदार प्रोग्राम लावावा. रोजच्या पोळी-भाजीच्या ताटांना त्याची गरज नसते.

३. पाणी बादलीने मोजून पाहा

मशीनला पाणी फार लागतं, हा समज सांगलीत घट्ट आहे. मी निचऱ्याचा पाइप बादलीत सोडून मोजलं. जुन्या मशीनने दोन बादल्या सहज भरल्या. नव्याने इकोवर एक बादलीही काठोकाठ भरली नाही, साधारण दहा लिटर. जोराच्या प्रोग्रामला थोडं जास्त गेलं. नळ चालू ठेवून तेवढी भांडी हाताने घासली तर याच्या कितीतरी पट पाणी मोरीत जातं.

हे शक्य होतं कारण नवं मशीन तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवतं, आणि एका वेळी वरच्या किंवा खालच्या एकाच पंख्याला देतं. जुन्यात दोन्ही पंखे एकदम फिरत, म्हणून पाणी जास्त घ्यावं लागे.

आपल्या जिल्ह्यात ही बचत क्षुल्लक नाही. कृष्णाकाठी आपण पाण्यात खेळतो, आणि त्याच जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळची गावं टँकरची वाट पाहत आली आहेत. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी पाठवावं लागलं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

४. मशीनच्या आधी पाणी तपासा

माझ्या मते सगळ्यात मोलाचा धडा हाच. नदीचं नळाला येणारं पाणी आणि बोअरचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वाळवा आणि मिरज तालुक्यांतल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि त्या भागातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी तापलं की हे क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने हीटरवर, पंख्याच्या भोकांत आणि भांड्यांवर बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालणारं ६०० चं पाणी मशीनला चांगलंच छळतं.

यावर उपाय मशीनच्या पोटातच असतो. तळाशी रेझिनचे मणी भरलेली एक टाकी असते. पाणी त्यातून जाताना कॅल्शियम मण्यांना चिकटतं आणि त्याच्या जागी सोडियम पाण्यात येतं. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा ताजं करतं. म्हणून डिशवॉशरला मीठ लागतं. हे मीठ वेगळं, जाड आणि शुद्ध असतं. खाण्याच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ असतात आणि बाजारच्या खडेमिठात माती असते. दोन्हीमुळे टाकी तुंबते.

इथे जुन्या-नव्याचा एक फरक लक्षात घ्या. जुन्या पावडरीत फॉस्फेट भरपूर असायचं. ते स्वतःच पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायचं, त्यामुळे मीठ संपलं तरी आठवडाभर काही कळत नसे. फॉस्फेट नदीत गेलं की शेवाळ आणि जलपर्णी फोफावते, म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून घरगुती डिशवॉशरच्या पावडरीतल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. नदीच्या दृष्टीने हे योग्यच झालं. फॉस्फेट नसलेली पावडर मात्र कठीण पाण्याला माफ करत नाही. मीठ संपलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेल्यांवर पांढरी झाक दिसते आणि लोक नव्या मशीनला नावं ठेवतात.

पाण्याचा कठीणपणा प्रयोगशाळेतून किंवा तपासपट्टीने मोजून घ्या. बऱ्याच मशीनांत तो जर्मन अंशांत भरावा लागतो. लिटरला १७.८ मिलिग्रॅम म्हणजे १ अंश, म्हणजेच ६०० मिलिग्रॅमचं पाणी सुमारे ३४ अंशांचं. दुकानदार हा आकडा बहुधा न बदलताच मशीन बसवून जातो. तो स्वतः बदला. पेला धुरकट दिसला तर त्यावर लिंबू चोळा. झाक गेली तर ती क्षारांची, मीठ वाढवा. नाही गेली तर काच झिजली आहे, मग पाणी गरजेपेक्षा मऊ झालंय, मीठ कमी करा.

५. हळदीशी भांडू नका

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या फोडणीत ती हात राखून पडत नाही, आणि डिशवॉशरची खरी परीक्षा तीच घेते. हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. अल्कली लागली की ते लालसर होतं. हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे.

स्टील आणि काच यांच्यावर हळद टिकत नाही, दोन्ही मशीनांत साफ निघते. अडचण होते प्लॅस्टिकची. रस्सा ठेवलेला डबा मशीनमध्ये गेला की त्यातली तेल-हळद गरम पाण्यात सुटून शेजारच्या पांढऱ्या झाकणांवर जाऊन बसते. मशीनच्या आतल्या प्लॅस्टिकच्या भागांवरही पिवळी छटा येते. आमच्या जुन्या मशीनचे पंखे पुढे पुढे केशरी दिसायचे. त्याने धुण्यात काही बिघडत नाही.

उपाय उन्हाचा. कर्क्युमिन सूर्यप्रकाशात फिकं पडतं. डबे, झाकणं, एवढंच काय मशीनमधून सुटे होणारे पंखे आणि चमच्यांची टोपलीही गच्चीवर उन्हात ठेवावी. एका कडक दुपारीत फरक दिसतो. प्लॅस्टिक वरच्याच कप्प्यात लावा आणि रश्श्यासाठी काचेचा किंवा स्टीलचा डबा वापरा.

६. मशीन घासत नाही, पाणी मारतं

अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात भांडी तारेच्या कप्प्यांत बसवून त्यांच्यावर पाण्याचा जोर सोडला जात असे. कप्पे त्यांनी ताटल्या-कपांची मापं घेऊन बनवले होते. आजही तत्त्व तेच आहे. जिथे पाणी पोचेल तेवढंच निघेल, आणि भांडं कप्प्यात बसलं तरच पाणी पोचेल.

आमच्या जुन्या मशीनचे कप्पे युरोपातल्या सपाट ताटल्यांचे होते. आपल्या ताटाला उभा काठ असतो, वाटी खोल असते, कढईला कान असतात. एक कढई ठेवली की अर्धी जागा जायची. नव्या मशीनमध्ये वरचा कप्पा उचलता येतो, खालचे दात आडवे पाडता येतात, म्हणून पातेली नीट बसतात. वाट्या पूर्ण पालथ्या न घालता तिरप्या लावा, नाहीतर बुडाच्या खळग्यात पाणी साचतं. पातेलं फिरत्या पंख्याला अडत नाही ना, हे पंखा हाताने एकदा फिरवून पाहा.

काही भांडी कोणत्याही मशीनमध्ये घालायची नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणि पातेली अल्कलीने काळी पडतात. लोखंडी आणि बिडाचा तवा गंजतो. पितळ-तांब्याची झळाळी जाते आणि कल्हईही खराब होते. लाकडी पोळपाट-लाटणं तडकतं. म्हणून भांड्यांचा संसार स्टीलचा नसेल, तर मशीन घेण्याआधी तो हिशेब करा. आम्ही कुकर स्टीलचा घेतला आणि रोजचं हाताने घासणं एकदम कमी झालं.

७. जुनं टिकलं, कारण ते उघडता येत होतं

आमच्या जुन्या मशीनमध्ये टायमर होता. खटक्याच्या मागे प्लॅस्टिकचं दातेरी नळकांडं आणि त्याला टेकलेल्या पितळी पट्ट्या. नळकांडं टकटक करत पुढे सरके, एकेक पट्टी जोडली जाई, मग व्हॉल्व्ह उघडे, पंप चालू होई, कॉइल तापे. मशीन बंद पडलं की मिरजेचे मेकॅनिक येत, टायमर बाहेर काढत, काळ्या पडलेल्या पट्ट्या पॉलिश पेपरने हलकेच घासत आणि पुन्हा बसवत. बिघाड डोळ्यांना दिसायचा. पार्ट नाही मिळाला तरी जुजबी काही करून मशीन चालू व्हायचं.

नव्यात टायमरच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला. पाण्याचा गढूळपणा बघणं, मोटरचा वेग बदलणं, कमी पाण्यात काम भागवणं ही सगळी त्याचीच किमया, त्यामुळे नवं मशीन धुतंही चांगलं. पण बोर्ड गेला की दुरुस्ती होत नाही, पूर्ण बोर्डच बदलतात, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नव्या मशीनचा विचार करू लागतो. धुण्यातली सुधारणा आणि दुरुस्तीतली अडचण अशा एकाच भागातून आल्या आहेत.

तरी नव्याची बाजूही सांगायला हवी. जुन्यात कॉइल भांड्यांच्या खाली उघडी होती, वरून झाकण घसरून त्यावर पडलं की वितळायचं. नव्यात हीटर पंपातच लपलेला असतो. जुन्याचा पाइप गळला की स्वयंपाकघरात तळं व्हायचं. बऱ्याच नव्या मशीनांच्या तळाशी पाणी साचलं की पुरवठा आपोआप बंद होतो. या दोन गोष्टींत नवं मशीन जास्त विश्वासाचं आहे.

८. विजेची आणि पाण्याच्या दाबाची सोय आधी करा

बोर्डाचा शत्रू म्हणजे विजेचा चढउतार. वळवाचे दिवस आले की आपल्याकडे वीज जाते-येते, आणि येताना झटका घेऊन येते. मशीनला स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग, नीट अर्थिंग आणि झटका अडवणारं उपकरण या तिन्ही गोष्टी असाव्यात. पाणी तापवताना मशीन साधारण २ किलोवॉट ओढतं, तेव्हा एक्स्टेंशन बोर्ड नको. मशीनच्या मागे झुरळं, मुंग्या, पाली यांना थारा देऊ नका, बोर्डावर शॉर्टसर्किट करणाऱ्यांत त्यांचा नंबर वर आहे.

पाण्याचा दाबही बघा. बऱ्याच मशीनांना किमान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनपेक्षा सुमारे ५ मीटर, सोळा-सतरा फूट वर हवं. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली मशीन बसवलं तर एवढा दाब मिळत नाही. मशीन पाण्याची वाट बघत थांबतं आणि पडद्यावर चूक दाखवतं. आधी छोटा प्रेशर पंप बसवा, मग मशीन आणा.

९. गावभागात मशीन बसवताना पूर डोळ्यांसमोर ठेवा

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही विश्रामबागेत मुलाकडे होतो आणि तळमजल्यावरचं स्वयंपाकघर पाण्याखाली. जुनं मशीन ओट्याखाली पक्कं बसवलेलं होतं, ते जागचं हलवायला वेळच मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर आत सगळीकडे गाळ होता. मेकॅनिकनी मशीन पूर्ण मोकळं केलं, स्वच्छ पाण्याने धुतलं, मोटर वाइंडिंगवाल्याकडून वाळवून आणि तपासून घेतली, टायमरच्या पट्ट्या साफ केल्या. वायर आणि कॉइल नवी घातली. इन्सुलेशन मोजल्याशिवाय त्यांनी वीज लावू दिली नाही. आणि ते मशीन पुन्हा चालू झालं. बोर्ड असलेल्या मशीनचा बोर्ड पुराच्या गाळातून क्वचितच वाचतो.

त्यानंतर आम्ही मशीन ओट्याखालून बाहेर घेतलं. पाण्याचा नळ हाताने सुटणारा, निचऱ्याचा पाइप नुसता अडकवलेला, प्लग हाताशी. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा दोन माणसांनी ते सोडवून वरच्या मजल्यावर नेलं. डिशवॉशरचं वजन साधारण ५० किलोच्या घरात असतं, जिन्यावरून नेता येतं.

फर्निचरच्या आत बसवून वर फळी लावलेलं मशीन दिसतं सुरेख. गावभाग, खणभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, हरिपूर इथल्या तळमजल्यांसाठी मात्र मोकळं उभं राहणारं मशीनच घ्यावं, आणि पूर ओसरल्यावर तज्ज्ञाने तपासल्याशिवाय कोणतंही मशीन चालू करू नये.

१०. मशीन विकत घेताना पार्टचा प्रश्न विचारा

आमचं जुनं मशीन शेवटी थांबलं ते पंपाच्या एका सीलवरून. रबराची छोटी चकती. तिच्यातून पाणी मोटरकडे झिरपू लागलं आणि तसं सील पुणे-मुंबईतही मिळेना. बाकी सगळं ठणठणीत असलेलं मशीन भंगारात द्यावं लागलं, याची हळहळ मला आजही वाटते.

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम आहे की डिशवॉशरचं एखादं मॉडेल बाजारातून बंद झाल्यावरही मोटर, पंप, हीटर, बोर्ड असे भाग किमान ७ वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळायला हवेत, आणि दाराचं रबर, बिजागरी, कप्पे असे भाग ग्राहकांना १० वर्षं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. पुढची पायरी म्हणजे पार्ट किती वर्षं मिळतील हे वॉरंटीच्या कागदावर छापणं. ग्राहकांनी हे ठासून मागायला हवं.

दुकानात सवलत विचारण्याआधी मी हे विचारते : सांगली-मिरजेत या कंपनीचा माणूस राहतो का, की कोल्हापूर-पुण्याहून येतो? बोर्ड आणि पंप किती दिवसांत मिळतो? त्यांची आजची किंमत काय? मोटरची आणि बोर्डाची वॉरंटी वेगवेगळी आहे का? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर माझ्यासमोर फोन लावून विचारायला सांगते.

११. महिन्यातला अर्धा तास मशीनला द्या

फिल्टरची जाळी आठवड्याला काढून जुन्या ब्रशने धुवा. महिन्यातून एकदा दोन्ही पंखे काढून भोकं टाचणीने मोकळी करा. पंखा कानाशी धरून हलवला की आत अडकलेल्या मोहरीचा आवाज येतो, तो जाईपर्यंत पाण्याखाली धरा. दाराच्या रबराच्या खालच्या कडेला तेलाचा काळा लगदा साठतो, तो फडक्याने पुसा. मग मशीन रिकामं ठेवून सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व घालून गरम प्रोग्राम चालवा. हीटरवरचे क्षार त्याने विरघळतात. मीठ आणि रिन्स एड संपू देऊ नका. रिन्स एडमुळे पाणी भांड्यावर थेंब न धरता ओघळून जातं, म्हणून पेल्यांवर डाग राहत नाहीत.

जुन्या मशीनला एवढे लाड लागत नव्हते, कारण त्याची भोकं मोठी आणि पाणी भरपूर होतं. कमी पाण्यात काम करणाऱ्या मशीनच्या वाटा बारीक असतात. त्या मोकळ्या ठेवल्या की नवं मशीन वर्षानुवर्षं तितकंच चांगलं धुतं.

१२. मावशींचं काम बदला, पगार कापू नका

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत सतत पाण्यामुळे चिखल्या व्हायच्या. मशीन आल्यावर त्यांचं भांड्यांचं काम कमी झालं, पण पैसे आम्ही तेच ठेवले. मशीन लावणं, जाळ्या धुणं, भाजी निवडणं ही कामं त्यांनी घेतली. भांडी कशी मांडायची हे त्यांच्याइतकं अचूक घरात कोणालाच जमत नाही, कारण कोणत्या भांड्याला कुठे चिकटतं हे हाताला माहीत असतं. मशीनने घरातल्या बायकांचा वेळ वाचावा आणि त्याची किंमत दुसऱ्या एका बाईने मोजू नये, एवढं भान कोणत्याही घराला झेपण्यासारखं आहे.

तेव्हा जुनं मशीन असेल, नीट चालत असेल आणि त्याचे पार्ट अजून मिळत असतील, तर ते बदलायची घाई करू नका. त्यात एन्झाइमची पावडर घाला, मीठ भरा, सगळ्यात लांबचा प्रोग्राम लावा. तेवढ्याने त्याचं धुणं बरंच सुधारतं. नवं घ्यायचं असेल तर जाहिरातीतल्या प्रोग्रामांची संख्या मोजत बसू नका. पाण्याचा कठीणपणा, नळाचा दाब, विजेची सोय, कढई बसण्याची जागा आणि पार्टची हमी, या पाच गोष्टी तपासा. त्या जमल्या की मशीन कोणत्या कंपनीचं हा प्रश्न बराच सोपा होतो. आणि जी कंपनी पार्ट किती वर्षं देणार हे लिहून द्यायला तयार असेल, तिला चार पैसे जास्त मोजायला मी आनंदाने तयार आहे.